झाकण उघडण्यापूर्वी ब्रेक मागे ओढावा

शालिक, तुझं मशीन सहा दिवस माझ्या गॅलरीत होतं. खाली वर्तमानपत्र, वर जुनी चादर, आणि शेजारी त्याचं झाकण वेगळं पडलेलं. झाकण काढलं मीच, आणि मग ते परत बसेना. का बसेना हे तुला कळलं असतं तर तू आठवडाभर हसत राहिला असतास, म्हणून तेच आधी सांगून टाकतो. ब्रेक लागलेला असताना मी झाकण उघडलं.

हो, मीच. मशीनच्या लाकडी पेटीवर पांढऱ्या रंगाने ‘झाकण उघडण्यापूर्वी ब्रेक मागे ओढावा’ अशी पाटी ज्याने रंगवली, तोच मी. त्या पाटीवरून तू मला कमी छळलं नाहीस. “तुमच्या पुण्यात माणसाइपेक्षा पाट्याच जास्त बोलते, बाबू,” असं म्हणायचास. मी म्हणायचो, माणसं ऐकत नाहीत म्हणून पाट्या लावाव्या लागतात. यावर तू पेटीवरच बसायचास, बरोबर अक्षरांवर.

तू जाऊन आज सव्वीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत तुझ्याबद्दल मी पुष्कळ लोकांशी बोललो, आणि त्यातलं एक वाक्य खोटं होतं. खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, पण म्हणून ते खरं होत नाही. ते दुरुस्त करायला हे लिहायला बसलो आहे.

आपण भेटलो भोसरीच्या कारखान्यात. तू मेंटेनन्सला फिटर, मी स्टोअरमध्ये कारकून. तू भंडाऱ्याकडचा, नुकता पुण्यात आलेला. खिडकीशी येऊन म्हणालास, “बाबू, बेअरिंग देता का?” मी म्हणालो, “आधी स्लिप.” तू म्हणालास, “स्लिप लिहून आणतो, पण तवरिक मशीन उभी आहे ना.” मी म्हणालो, “राहू दे उभी. मीही सकाळपासून उभाच आहे.” अशी आपली ओळख. तुझ्याकडे कारकुनाला बाबू म्हणतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं, हा माणूस मला चिडवतोय. दोन्ही खरं होतं, हे त्याहूनही उशिरा कळलं. मी तुला पहिल्या महिन्यातच अरे-तुरे करू लागलो. तू मात्र शेवटपर्यंत ‘तुमी’ म्हणालास आणि शिव्यासुद्धा ‘तुमी’ लावूनच दिल्यास.

ही चेनसॉ त्या कारखान्याच्या बागेची. पेट्रोलवरची करवत, आली तेव्हा लाल होती म्हणे. माळ्यांनी ती इतकी वापरली आणि इतकी कमी पुसली की शेवटी भंगाराच्या यादीत तिचं नाव मला लिहावं लागलं. भंगाराच्या लिलावात तू ती उचललीस. गेटपास लिहिताना मी म्हटलं, “शालिक, मेलेलं मशीन आहे हे.” तू ते कानाशी धरून हलवलंस आणि म्हणालास, “मेली नाई बाबू, हिचा फक्त गळा दाटला आहे.” दोन दिवसांनी ती सुरू झाली. तिच्याबरोबर आलेली इंग्रजी माहितीपुस्तिका मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपली, कारण तू ती चूल पेटवायला घेतली असतीस.

कारखाना बंद पडला तेव्हा आपण दोघंही पन्नाशीचे. नव्या नोकरीला उशीर झालेला, घरी बसायला लवकर. पावसाळ्याच्या आधी सोसायट्यांना झाडांच्या धोक्याच्या फांद्या उतरवून हव्या असतात, आणि त्याला महापालिकेची परवानगी लागते. मग आपलं ठरलं. कागद माझे, फांद्या तुझ्या. अर्ज, झाडाचे फोटो, कार्यालयात खेटे, ‘साहेब जेवायला गेलेत’ हे तीनदा ऐकून घेणं, हे माझं काम. झाडावर चढणं तुझं. आणि तू वर असेपर्यंत तुझ्या कमरेचा दोर वरच्या फांदीवरून फिरून खाली माझ्या हातात. बारा वर्षं आपण हे केलं. शनिवार पेठेतून मी स्कूटर काढायचो, धायरीला तुझ्या दारात हॉर्न वाजवायचो, आणि तू भाकरीचा शेवटचा घास तोंडात कोंबत बाहेर यायचास.

मला त्यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू? काम नाही. कानस घ्यायला मंडईमागच्या दुकानात जायचो ते. साखळीचे दात घासायला नवी कानस लागायची, आणि ती बघून घ्यायला तुला एक तास लागायचा. मग मंडईत शिरून तुमच्याकडची लाखोळीची डाळ आहे का असं तू प्रत्येक गाळ्यावर विचारायचास. नाही म्हटलं की माझ्याकडे असं बघायचास जणू ती मीच लपवून ठेवली आहे. “एवढी मोठी मंडई, अन् खायाले काहीच नाई,” म्हणायचास. एका गाळेवाल्याने तुला उत्तर दिलं होतं, “काका, खायाचं सगळं आहे, तुमच्याकडचं नाही.” तू त्याच्याकडून दोन किलो वांगी घेतलीस, उत्तर आवडलं म्हणून.

आता ब्रेकबद्दल. आपल्या सगळ्या भांडणांचं मूळ तेच.

ज्यांनी हे मशीन कधी हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या मुठीच्या समोर प्लॅस्टिकची एक ढाल असते. ती मनगटाने पुढे ढकलली की आतला पोलादी पट्टा ड्रमला आवळतो आणि साखळी जागच्या जागी थांबते. इंजिन चालूच राहतं, नुसतं गुरगुरतं. ढाल मागे ओढली की साखळी मोकळी. एवढंच. करवत उसळून तोंडावर आली तर हाच ब्रेक माणसाला वाचवतो. आणि पुस्तिकेत असंही लिहिलंय की मशीन इकडून तिकडे नेताना, वर-खाली करताना ब्रेक लावावा.

तू तो बारा वर्षांत हाताने कधी लावला नाहीस. फांदी पडली की तू बटण दाबून इंजिन बंद करायचास आणि मशीन त्याच्या दोराला बांधून खाली सोडायचास. मी खालून ओरडायचो, “ब्रेक.” तू वरून ओरडायचास, “बंद आहे ना.” मी म्हणायचो, “असू दे, लाव.” एकदा तू झाडावरून मला व्याख्यानच दिलंस. “इंजिन बंद केलं म्हंजे ही करवत अन् तुमच्या घरची विळी सारखीच, बाबू. विळीले ब्रेक राह्यते का?” मी म्हटलं, “विळी घेऊन आमच्या घरचं कोणी झाडावर चढत नाही.” सोसायटीतल्या बायका गॅलरीत उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना वाटलं असेल, हे दोघं फांदी कधी कापणार.

आणि झाकणाचा तो धडा मी अगदी पहिल्या वर्षी शिकलो होतो. पुस्तिकेतली एक ओळ वाचायची राहिली आणि मी ब्रेक लागलेला असताना झाकण ओढून काढलं. पट्टा झाकणाच्या आत असतो. तो आवळलेला राहिला की ड्रम त्यात जातच नाही, आणि झाकण परत बसत नाही. मी दोन तास खटपट केली. तू आलास, बघितलंस, खाली बसलास आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास. “बाबू, टोपी घालून डोकं धुतलं तुमी.” मग ढाल काढलीस, तिची खाच झाकणातल्या छोट्या खुंटीवर किल्लीसारखी बसवलीस आणि फिरवलीस. पट्टा सैल झाला. त्या संध्याकाळी मी पाटी रंगवली.

या उन्हाळ्यात ब्रेक खरोखरच एकदा अडकला. सिंहगड रस्त्याच्या एका सोसायटीत, फांदी अर्धी कापलेली असताना. साखळी खर्रकन थांबली आणि इंजिन गुरगुरत राहिलं. खाली आणून बघितलं तर आत भुसा आणि तेल यांचा लगदा बसून चिकट थर झाला होता. ढाल मागे ओढायला दोघं लागलो. तू वैतागून म्हणालास, “पट्टाच काढून टाकू. गावाकडं बिनाब्रेकचीच चालवते लोक.” मी म्हणालो, “ज्या दिवशी पट्टा काढशील, त्या दिवशी दोर धरायला दुसरा माणूस बघ.” मी ते नेहमीच्या थट्टेत म्हणालो नाही, आणि तुलाही ते कळलं.  त्यानंतर मी रोज एकच पालुपद लावलं, नवं मशीन घे. तू रोज म्हणायचास, बघू.

तो दिवस. तुमच्याच धायरीतली सोसायटी, गाड्यांच्या शेडवर झुकलेला सोनमोहर. सकाळचे दहा वाजले असतील. दोन फांद्या उतरल्या होत्या, तिसरीवर करवत चालू होती. एकदम साखळी थांबली. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं, दोन-तीन क्षण, मग तेही बंद झालं. मी हा आवाज याच उन्हाळ्यात ऐकलेला होता. मान वर न करताच मी म्हणालो, आणि मोठ्याने म्हणालो, “अडकला ना पुन्हा? आता बस वरच. मी दोर सोडून घरी चाललो.”

तू उत्तर दिलं नाहीस. बारा वर्षांत पहिल्यांदा. मशीन आपल्या दोरावरून हळूहळू खाली आलं, माझ्या पायाशी टेकलं. तुझा दोर डाव्या हातात धरून मी उजव्या हाताने त्याची गाठ सोडत होतो आणि अजून पुटपुटतच होतो. वर बघितलं तर तू बेचक्यात बसला होतास, खोडाला दोन्ही हातांनी कवटाळून, कपाळ सालीला टेकवून. मी हाक मारली. दुसरी हाक मारली आणि माझ्या हातातला दोर जड झाला.

पुढचं मी लिहीत नाही. वॉचमन धावत आला, दोघांनी मिळून तुला उतरवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, वरच सगळं संपलं असणार.

आता ते वाक्य. हॉस्पिटलच्या बाकावर मला जो येईल तो विचारत होता, काय झालं? मी सांगायचो, “मशीनचा ब्रेक अडकला. वर एकट्याने जोर लावला असणार त्याने.” डॉक्टरांना सांगितलं. तुझ्या भाच्यांना सांगितलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. वहिनींनाही सांगितलं. सांगून सांगून ते इतकं पक्कं झालं, जणू मी तुझ्या शेजारी फांदीवर बसून बघितलं होतं. आज विचार करतो तेव्हा कळतं की ते वाक्य मला सोयीचं होतं. त्यात दोष मशीनचा होता, आणि मशीन न बदलणाऱ्या तुझ्या हट्टाचा होता. खाली उभं राहून टोमणा मारणारा माणूस त्यात कुठेच नव्हता.

तेराव्यानंतर वहिनींना भेटायला आलो. मशीन कोणीतरी तुमच्या ओट्यावर पेटीशेजारी आणून ठेवलं होतं, आत न घालताच. वहिनी पाणी घेऊन आल्या, समोर बसल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, दिवाळीले त्याहिनं नवीन मशीन पाहून ठेवली होती. मीच म्हटलं, जुनी चालते तवरिक चालू द्या, घरात दोन-दोन कायले.”

मी म्हणालो, तुम्ही असं मनाला लावून घेऊ नका.

“लावून घ्याचं काय आहे त्यात? तुमीच सांगितलं ना, अटकली म्हून जोर लावला त्याहिनं. किती जोर लावा लागला असन हो, भाऊजी?”

शालिक, मी एक वाक्य सोयीसाठी बोललो होतो आणि ते या बाईच्या डोक्यावर धोंड्यासारखं जाऊन बसलं होतं. त्या म्हणाल्या, ते मशीन घेऊन जा, मले पाहवत नाई. मी ते पेटीत घातलं आणि स्कूटरवर पायाशी ठेवून पेठेत आणलं.

खरं सांगतो, ते मी रागाने उघडलं. तुला कोणत्या तुकड्याने नेलं ते मला बघायचं होतं. मोडकी स्प्रिंग, तुटका पट्टा, काहीतरी हातात घेऊन म्हणायचं होतं, हा बघा. ढाल पुढे ढकललेलीच होती, म्हणजे ब्रेक लागलेला होता, आणि तो अडकलाय हे तर मला माहीतच होतं. दोन नट सोडले. झाकण काही केल्या सुटेना, मी दोन्ही अंगठे घालून खेचून काढलं. निघालं आणि त्याच क्षणी कळलं आपण काय केलं ते. पेटीवरची पाटी समोर होती. तीही तेच सांगत होती.

तीन दिवस मी त्या झाकणाशी झटलो. स्क्रू-ड्रायव्हर घातला, पकड घातली, शेवटी हातोडीही घेतली आणि परत ठेवली. आमच्या घरात माझ्या असल्या उद्योगांकडे कोणी लक्ष देत नाही, पण चौथ्या दिवशी ही चहा घेऊन गॅलरीत आली आणि उभी राहिली.

“काय झालंय त्याला?”

“ब्रेक अडकलाय.”

“तुम्ही झाकण काढल्यावर अडकला की आधीपासून?”

“आधीपासून. त्या दिवशी झाडावरच अडकला.”

“कसं कळलं?”

“आवाजावरून.”

“अस्सं.” आमच्या हिचा ‘अस्सं’ म्हणजे उलटतपासणीची सुरुवात असते. “पण तुम्ही आधी तो मागे ओढून बघितलात का?”

चहा गॅलरीतच गार झाला. कारण मी ओढून बघितला नव्हता. झाडाखाली नाही, तुमच्या ओट्यावर नाही, घरी आणल्यावर नाही. भाच्यांनी नाही, सेक्रेटरींनी नाही. तीन आठवडे मी लोकांना सांगत फिरलो की ब्रेक अडकला, आणि एकदाही कोणी ती ढाल चार बोटांनी मागे ओढून बघितली नव्हती. आणि आता बघायची सोय मी माझ्याच हाताने घालवली होती.

मग मला तुझी ती संध्याकाळ आठवली. टोपी घालून डोकं धुण्याची. बारा वर्षं तू पाना मागायचास आणि मी तो कितीचा हवा एवढंच विचारून हातात द्यायचो. त्या संध्याकाळनंतर स्वतः कधी काही सोडलं नाही की जोडलं नाही. आता दुसरं कोणी नव्हतं. मी ढालीचा स्क्रू काढला, ढाल झाकणातल्या खुंटीवर बसवली, झाकण गुडघ्याखाली दाबून धरलं आणि फिरवलं. पहिल्यांदा घसरली. दुसऱ्यांदा खाच नीट बसवून फिरवली, आणि टक असा लहानसा आवाज आला. पट्टा सैल झाला.

मी झाकण उजेडात धरून आत बघितलं. मला लगदा दिसायला हवा होता. काही नव्हतं. पट्टा लख्ख होता. स्प्रिंग शाबूत होती. खुंटीच्या बुडाशी ग्रीसचं बोट पुसलेलं होतं, बेताचं, तू लावायचास तेवढंच. वर एका सकाळचा ताजा भुसा होता, तो फुंकरीने उडाला. आणि एका कोपऱ्यात गुलाबी रंगाचा एक बारीक केस चिकटला होता, दात घासायच्या ब्रशचा. तू आतून बाहेरून सगळं साफ केलं होतंस, आणि मला सांगितलं नव्हतंस.

सगळं जोडलं. ढाल मागे ओढली, पुढे ढकलली, मागे ओढली. वीस वेळा, तीस वेळा. एकदाही अडकली नाही.

मग मी मशीन मांडीवर घेऊन बसलो आणि तो आवाज पुन्हा आठवला. साखळी थांबली, इंजिन गुरगुरत राहिलं, दोन-तीन क्षणांनी बंद झालं. ब्रेक अडकला की असाच आवाज होतो. पण ब्रेक लावला तरीही असाच होतो. आवाजावरून फरक कळत नाही, आणि इंजिनच्या बटणाकडे तर मी इतक्या दिवसांत बघितलंही नव्हतं. ते बंदवर होतं. अडकलेला ब्रेक बटण बंद करत नाही, शालिक. ते बोटाने करावं लागतं.

म्हणजे छातीत कळ आली तेव्हा तू मशीन टाकून दिलं नाहीस. आधी मनगटाने ढाल पुढे ढकललीस. मग इंजिन बंद केलंस. मग दोराला बांधून, हाताखाली हात घेत, ते खाली सोडलंस. इंजिन बंद असताना ब्रेकची गरज नाही हे तू बारा वर्षं मला पटवत होतास. स्वतःसाठी तो तू कधी लावला नाहीस. पण खाली मी उभा होतो, आणि यापुढे हे मशीन मीच हाताळणार, तू नव्हे, हे तुला कळलं असावं. एवढा वाद मी जिंकलो आणि मला ते कळायला तीन आठवडे लागले. असा जिंकायचा नव्हता रे.

परवा धायरीला गेलो. वहिनींनी पेटी बघून तोंड फिरवलं. मी म्हटलं, एकदाच बघा, मग परत नेतो. मशीन ओट्यावर ठेवलं आणि ढाल मागे-पुढे करून दाखवली. म्हटलं, आता तुम्ही करा. त्यांनी पदराला हात पुसले. आधी भीत भीत, मग नीट. मागे, पुढे, मागे.

“एवढं सोपं राह्यते हे?”

“एवढंच.”

“मंग जोर नाई लागला त्याहिले.”

“नाही लागला. ब्रेक अडकला नव्हता, वहिनी. त्याने लावला होता. मी चुकीचं सांगितलं तुम्हाला.”

त्यांनी ढाल पुन्हा एकदा मागे-पुढे करून बघितली. मी कागदाच्या पुडीतून तो गुलाबी केस काढून दाखवला. त्यांनी तो ओळखला.

“हा तं माह्या ब्रशचा आहे. आदल्या सांजेले घरभर पेट्रोलचा वास. मी म्हटलं, हे काय लावलं? तं म्हणे, बाबू रोज डोकं खाते, उद्या उतरलो का त्याले उघडून दाखवतो.” त्या थोडंसं हसल्या. “दोन दिवस मले ब्रश नव्हता.”

माझ्या मागे तू माझा एकेरीत उल्लेख करायचास, हेही परवाच कळलं.

त्यानंतर मी त्यांना राहिलेलं सांगितलं, जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. की त्याने शेवटचं जे ऐकलं ते माझं होतं. की मी म्हणालो, बस वरच, मी दोर सोडून घरी चाललो.  वहिनींनी माझ्याकडे बघितलं, तू बघायचास तसंच.

“तुमी तं रोजच घरी जात होते, भाऊजी. घरी आले का सांगत राहे मले, आज बाबू तीनदा घरी गेला. बारा वर्षांत त्याहिले उतरवल्याशिवाय गेले का कधी?”

मी मान हलवली.

“मंग. त्या दिवशीबी उतरवलंच ना तुमी.”

मशीन वहिनींनी ठेवून घेतलं. नजरेसमोर राहू द्या म्हणाल्या. पेटीवर माझ्या पाटीखाली थोडी जागा होती, तिथे मी पांढऱ्या रंगाने आणखी एक ओळ लिहून आलो: ‘हा ब्रेक अडकत नाही.’ तू असतास तर त्या ओळीवरही बसला असतास.

दोर मात्र मी घरी आणला आहे. तुला उतरवताना तळहातांची सालं निघाली होती, ती आता वाळून गेली. उजव्या हाताला एक वळ राहिलाय. डॉक्टर म्हणतात जाईल, आणि मला त्याची घाई नाही. मी तुला खालून म्हणालो होतो की दोर सोडून घरी चाललो. तू वर बसून ते ऐकलंस, आणि तरी माझ्यासाठी ब्रेक लावलास. शालिक, मी दोर सोडला नव्हता.